वाटी बदलायची की नाही?

सप्तशृंगी गडावर पहिल्या पायरीशी अर्धा तास उभं राहून माणसं बघितली, की गुडघ्याबद्दलची एक गोष्ट लक्षात येते. सुमारे पाचशे पायऱ्या चढून दर्शनाला जाणाऱ्या साठीच्या बायका वर जाताना थांबतात, धापा टाकतात, पण चढतात. गुडघ्याचे खरे हाल दिसतात ते उतरताना. कुणी कठडा दोन्ही हातांनी धरून आडवी उतरते, कुणी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत येते, कुणी चक्क पाठमोरी. २०१८ साली गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली, तेव्हापासून माझ्या मावशीचा नेमच झाला: वर पायी, खाली ट्रॉलीने.

चढायला ताकद लागते हे कळतं. उतरताना तर शरीर आपसूक खाली येतं. मग गुडघा उतरतानाच जास्त का दुखतो?

कसारा घाट आठवा. इगतपुरीहून भरलेला ट्रक घाट उतरतो तेव्हा इंजिनाला फारसं काम नसतं, सगळा ताण ब्रेकवर येतो. आपल्या शरीराचा ब्रेक म्हणजे मांडीच्या पुढचा मोठा स्नायू. पायरी उतरताना गुडघा वाकत जातो आणि त्याच वेळी हा स्नायू शरीराला धरून ठेवतो, नाहीतर आपण कोसळू. स्नायू जितका ओढतो, तितकी गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. बर्लिनमधल्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच दाब मोजणारी उपकरणं बसवून गुडघ्यावरचा ताण प्रत्यक्ष मोजला आहे. सपाट जमिनीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट, जिना चढताना तीनपटीच्या थोडा वर आणि उतरताना साडेतीनपटीच्या आसपास भार येतो. सत्तर किलोच्या बाईच्या गुडघ्यावर प्रत्येक उतरत्या पायरीला जवळजवळ अडीच क्विंटल. ब्रेक कमजोर असेल तर हा भार धक्क्यासारखा बसतो.

मावशी निफाड तालुक्यातली. वय सहासष्ट. सगळा जन्म कांद्याच्या खुरपणीत आणि द्राक्षबागेत गेला. मागच्या वर्षी एका मोफत तपासणी शिबिरात तिच्या दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे काढले, "गॅप संपलाय, दोन्ही वाट्या बदलाव्या लागतील" असं दोन मिनिटांत सांगितलं आणि या महिन्यात नाव नोंदवलं तर सवलत मिळेल असा कागदही हातात दिला. ती फाइल घेऊन ती माझ्याकडे नाशिकला आली आणि म्हणाली, "तू वाचतेस एवढं, मला सांग, करू का नको?" तिला उत्तर द्यायचं म्हणून जे वाचलं, डॉक्टरांना विचारलं आणि तिला समजावून सांगितलं, ते इथे मांडते आहे.

वाटी खरंच बदलतात का?

आपल्याकडे "वाटी बदलली" असं सर्रास म्हणतात. गंमत अशी की या ऑपरेशनमध्ये वाटी बहुतेक वेळा आपलीच राहते. फार तर तिच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकची एक चकती बसवतात. बदलतं ते वेगळंच.

गुडघा म्हणजे तीन खोल्यांचं घर. मांडीच्या हाडाचं खालचं टोक दोन गोल उंचवट्यांचं, नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. हे एकमेकांवर टेकतात तिथे आतल्या बाजूची एक खोली आणि बाहेरच्या बाजूची एक. तिसरी खोली पुढे, जिथे वाटी मांडीच्या हाडाच्या खाचेत वरखाली सरकते. जिथे जिथे हाडाला हाड भिडतं तिथे काही मिलिमीटर जाडीचं गुळगुळीत, पांढरं आवरण असतं. त्याला कूर्चा म्हणतात. लोक गादी म्हणतात. बर्फावर बर्फ जितक्या सहज घसरेल त्याहून हे आवरण एकमेकांवर सहज घसरतं. शिवाय आतल्या आणि बाहेरच्या खोलीत अर्धचंद्रासारखी एकेक चकती असते, ती भार पसरवते.

कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत. तिला अन्न मिळतं ते सांध्यातल्या चिकट द्रवातून, ज्याला आपण वंगण म्हणतो. भिजलेला स्पंज दाबला की पाणी बाहेर, सोडला की आत, तसंच हे. पाऊल टेकलं की द्रव बाहेर, उचललं की आत. म्हणजे चालणं हेच कूर्चेचं जेवण. "गुडघे झिजलेत, आता चालू नका" हा सल्ला म्हणूनच उलटा पडतो. आणि रक्तपुरवठा नसल्यामुळे झिजलेली कूर्चा, हाड जसं जुळून येतं, तशी भरून येत नाही.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. आपल्याकडे गुडघे झिजलेल्या बहुतेक बायकांचे पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकतात आणि आतली खोली आधी घासते. गाडीचा टायर एकाच बाजूने खायला लागला की गॅरेजवाला आधी अलाइनमेंट बघतो, कारण चाक तिरकं असेल तर नवा टायरही तसाच खाल्ला जाईल. गुडघ्याचंही तेच आहे. पुढे शस्त्रक्रियांचे प्रकार बघताना हा टायर डोळ्यांसमोर ठेवा.

एक्स-रे दुखत नाही

कूर्चेत मज्जातंतूही नाहीत. ती दुखूच शकत नाही. मग दुखतं काय? दुखतं तिच्या खालचं हाड, सांध्याच्या आतलं नाजूक अस्तर, भोवतालची पिशवी आणि ओढाताण झालेले स्नायू. अस्तराला सूज आली की गुडघ्यात पाणी होतं. स्नायू अशक्त झाला की प्रत्येक पावलाचा धक्का हाडाला बसतो. यातल्या बऱ्याच गोष्टी सांधा न बदलता कमी होतात.

म्हणून एक्स-रे आणि दुखणं यांचा मेळ बसत नाही. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन संशोधकांनी एक्स-रेवरून झीज शून्य ते चार अशा पायऱ्यांत मोजण्याची पद्धत मांडली. डॉक्टर "ग्रेड थ्री, ग्रेड फोर" म्हणतात ते त्यावरूनच. पण ग्रेड फोरवाली बाई रोज तपोवनापर्यंत फिरून येते आणि ग्रेड टूवालीला अंगण ओलांडवत नाही, असं सर्रास दिसतं. ग्रेड हाडाची असते, दुखणं माणसाचं असतं. आणि "गॅप संपलाय" हे बघायचं असेल तर एक्स-रे उभं राहून, पायांवर भार देऊन काढलेला हवा. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही, म्हणून तिची जागा मोकळी दिसते. झोपून काढला तर ती जागा खोटीच मोठी दिसू शकते. मावशीच्या फाइलमधले दोन्ही एक्स-रे झोपून काढलेले होते.

मला इथे ठाम सांगावंसं वाटतं: नुसत्या एक्स-रेवरून गुडघा बदलायचा नसतो. गुडघा हे अपेंडिक्स नव्हे. तो फुटणार नाही, आज रात्रीच निर्णय घ्यायचा नाही. अपघातातलं फ्रॅक्चर किंवा पू झालेला सांधा सोडला, तर विचार करायला जवळजवळ नेहमीच वेळ असतो.

दुर्बिणीचं ऑपरेशन: सगळ्यात छोटं, सगळ्यात फसवं

"मोठं ऑपरेशन नको, आधी दुर्बिणीने साफ करून बघू." हा पर्याय ऐकायला किती बरा वाटतो! दोन बारीक छिद्रं, आत कॅमेरा, फाटलेली चकती कापायची, कचरा धुऊन काढायचा, दुसऱ्या दिवशी घरी.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं. झीज झालेल्या गुडघ्यांचे १८० रुग्ण घेतले आणि त्यांच्या संमतीने तीन गट केले. एका गटाचा गुडघा आतून खरवडला, दुसऱ्याचा नुसता धुतला, तिसऱ्याला मात्र भूल देऊन फक्त कातडीवर छेद दिले आणि टाके घातले. कुणाचं काय केलं हे रुग्णांना कळू दिलं नाही. दोन वर्षं त्यांचं दुखणं आणि चालणं मोजलं. २००२ साली निकाल छापला: तिन्ही गट सारखेच. २०१३ साली फिनलंडमध्ये असाच प्रयोग फाटलेल्या चकतीवर झाला. अपघात न होता, वयाने चकती फाटलेल्या १४६ जणांपैकी अर्ध्यांची चकती कापली, अर्ध्यांचं नाटकी ऑपरेशन केलं. वर्षाने फरक नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाने झिजेच्या गुडघ्यासाठी दुर्बिणीचं ऑपरेशन करू नये, असा स्पष्ट सल्ला दिला.

एमआरआयमध्ये "चकती फाटली आहे" असं लिहून आलं की माणूस घाबरतो. पण पन्नाशीनंतर असे फाटे न दुखणाऱ्या गुडघ्यांतही सापडतात, जसे केस पांढरे सापडतात. तरुण खेळाडूची चकती मुरगळून फाटली, गुडघा मधेच अडकून सरळच होईना, किंवा सांध्याची दोरी (लिगामेंट) तुटली, तर दुर्बीण मोलाची आहे. झिजेसाठी नाही.

इंजेक्शनांचंही थोडक्यात. स्टेरॉइडने सूज ओसरते, आराम काही आठवड्यांचा. पुढे ऑपरेशन करायचं असेल तर त्याआधीच्या तीन महिन्यांत ते टाळावं, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. "वंगणाचं इंजेक्शन" महाग आहे आणि अनेक चाचण्या एकत्र पाहता त्याचा फायदा जाणवण्याइतका निघालेला नाही. रुग्णाचंच रक्त फिरवून काढलेल्या पीआरपीची ऑस्ट्रेलियात २८८ लोकांवर मिठाच्या पाण्याशी तुलना झाली. २०२१ साली निकाल आला, दोन्ही सारखेच. "गादी पुन्हा भरून येईल" या आश्वासनावर साठ-सत्तर हजार घालवलेली माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तेच पैसे ऑपरेशनसाठी उरले असते.

अलाइनमेंट, एक खोली, की अख्खं घर

आता खऱ्या शस्त्रक्रिया. त्या तीन आहेत.

पहिली म्हणजे अलाइनमेंट. पाय बाहेर वाकलाय, फक्त आतली खोली घासलीय, बाहेरची चांगली आहे आणि माणूस पन्नाशीच्या आसपासचा, कष्टाचं काम करणारा आहे, तर नडगीचं हाड गुडघ्याखाली कापून त्याचा कोन बदलतात आणि पट्टी व स्क्रूने बसवतात. भार चांगल्या खोलीकडे सरकतो. हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, पण सांधा स्वतःचा राहतो. शेतात राबणाऱ्या माणसासाठी ही शस्त्रक्रिया फार उपयोगी, तरी तिची चर्चा कमी होते. वय पन्नास असेल आणि थेट सांधा बदलायचं सुचवलं गेलं, तर "हाड सरळ करून भागेल का?" हे विचारायलाच हवं.

दुसरी, फक्त घासलेली खोली बदलणं. आतल्या खोलीपुरती धातूची टोपी आणि प्लॅस्टिकची बैठक. सांध्याच्या सगळ्या दोऱ्या शाबूत असल्या तरच. चाल जास्त नैसर्गिक वाटते, रुग्ण लवकर उठतो. किंमत एवढीच की पुढे पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता जास्त.

तिसरी म्हणजे जिला आपण वाटी बदलणं म्हणतो ती, संपूर्ण सांधेबदल. "बदल" या शब्दाने वाटतं की जुना गुडघा काढून नवा बसवला. तसं नाही. दाताला कॅप बसवतात ना, तसं आहे. दोन्ही हाडांच्या टोकांचा आठ-दहा मिलिमीटरचा थर अचूक कोनात कापतात, मांडीच्या हाडावर धातूची गुळगुळीत टोपी, नडगीवर धातूची थाळी आणि दोहोंमध्ये टणक प्लॅस्टिकची गादी. सगळं बहुधा हाडाच्या सिमेंटने पक्कं केलेलं. बाजूच्या दोऱ्या आणि स्नायू आपलेच. त्याच वेळी वाकलेला पायही सरळ होतो, म्हणजे अलाइनमेंट आणि नवा टायर एकदम.

आजच्या सांध्याचा हा आराखडा १९७४ साली न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमध्ये प्रथम वापरला गेला. तो तयार करणाऱ्यांत जॉन इन्सॉल आणि अभियंता पीटर वॉकर यांच्याबरोबर एक भारतीय होते, डॉ. चित्तरंजन राणावत. मराठी घरांत हे ऑपरेशन माहीत झालं तेही त्यांच्यामुळेच. ऑक्टोबर २००० मध्ये पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. राणावतांनी बदलला आणि जून २००१ मध्ये उजवा. मधे आठ महिन्यांचं अंतर होतं, हे मावशीला मी मुद्दाम सांगितलं. दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलले तर भूल एकदाच, खर्च कमी, मुलांची रजाही एकदाच. आपल्याकडे म्हणूनच ते फार होतं. पण हृदय आणि फुफ्फुसांवरचा ताण मोठा असतो. हृदयविकार असलेल्या वयस्क माणसाने एकेक गुडघाच करावा. आणि अनेकदा जास्त दुखणारा एक गुडघा झाला की दुसरा गप्प बसतो, कारण त्याच्यावरचा जादा भार उतरतो.

काय मिळतं, काय मिळत नाही

जगभरच्या नोंदींतून २०१९ मध्ये काढलेला हिशेब सांगतो की संपूर्ण बदललेल्या १०० सांध्यांपैकी ८२ पंचवीस वर्षं टिकतात. एका खोलीचे १०० पैकी ७०. हे फार चांगलं आहे. पण वय बघा. ब्रिटनमधल्या अभ्यासात सत्तरीनंतर ऑपरेशन केलेल्यांत आयुष्यात पुन्हा करावं लागण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या आसपास निघाली, तर पन्नाशीच्या सुरुवातीला करून घेतलेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत. दुसऱ्यांदाचं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड असतं आणि त्याचा लाभही कमी.

दुखणं मात्र जातं, बहुतेकांचं जातं. रात्रीची ठसठस, पाऊल टाकताना निघणारी कळ, हे सगळं जातं आणि माणसं म्हणतात, आधी का नाही केलं. पण दर पाचातला एक जण वर्षानंतरही पूर्ण समाधानी नसतो. हा आकडा कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. काहींचं दुखणं गुडघ्यातलं नसतंच, कमरेतून किंवा खुब्यातून आलेलं असतं. ज्यांची झीज मुळात थोडीच होती, त्यांची निराशा जास्त होते. शंभरातल्या एक-दोघांना सांध्यात जंतुसंसर्ग होतो, पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, सांधा आखडू शकतो. जखमेच्या बाहेरच्या बाजूला कातडीचा एक पट्टा बधिर राहतो, सांधा टकटक वाजतो, काही महिने गरम लागतो. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण आधी माहीत असावं.

आपल्यासाठी मोठा प्रश्न बसण्याचा आहे. ऑपरेशननंतर गुडघा साधारण ११० ते १२० अंश वाकतो. खुर्ची, जिना, गाडी, सगळं होतं. उकिडवं बसायला त्याहून बरंच जास्त वाकावं लागतं. म्हणजे देशी पद्धतीचा संडास, जमिनीवरची पंगत, खुरपणी, हे बहुतेकांचं कायमचं सुटतं. घरी कमोड नसेल तर ऑपरेशनच्या आधी तो बसवा. "जास्त वाकणारा सांधा" म्हणून निराळे सांधे विकले जातात, पण ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता यावरच नंतरचं वाकणं जास्त अवलंबून असतं.

किमतीचंही समजून घ्या. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने सांध्यांच्या कमाल किमती ठरवून दिल्या. सगळ्यात जास्त वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, ज्याची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती, तो कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. पुढे हे आकडे थोडेफार बदलले, पण बंधन राहिलं. मात्र हे बंधन सांध्यावर आहे. खोली, भूल, सर्जनची फी यांवर नाही. म्हणून "पॅकेज" म्हटलं की सांध्याचं वेगळं बिल आणि त्यावरचं स्टिकर मागा. शासकीय योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रोबोटने हाडाचा काप अचूक बसायला मदत होते. पण रोबोट वापरला म्हणून रुग्ण पाच-दहा वर्षांनी जास्त बरा चालतो, असं सिद्ध झालेलं नाही. रोबोटसाठी जादा पैसे देण्यापेक्षा सर्जन वर्षाला अशी किती ऑपरेशनं करतात, हे विचारणं शहाणपणाचं.

डेन्मार्कमधले शंभर जण

मावशीला सगळ्यात पटली ती ही गोष्ट. डेन्मार्कमध्ये सांधेबदलाला पात्र ठरलेले १०० रुग्ण घेतले. ५० जणांचं ऑपरेशन केलं आणि नंतर बारा आठवडे व्यायाम, आहार, बुटातली गादी, गोळ्या हे सगळं दिलं. उरलेल्या ५० जणांना ऑपरेशन सोडून बाकी सगळं तेच. एक वर्षाने मोजलं. शंभर गुणांच्या मापावर ऑपरेशनवाल्यांची सुधारणा सुमारे ३२, नुसत्या व्यायामवाल्यांची १६. ऑपरेशन निर्विवाद सरस. पण गंभीर दुष्परिणाम ऑपरेशनवाल्यांत २४, दुसरीकडे ६. आणि व्यायामवाल्या ५० पैकी वर्षभरात ऑपरेशन मागितलं ते फक्त १३ जणांनी.

मी याचा अर्थ असा लावते: ऑपरेशन चांगलं आहे, पण आधी तीन महिने मनापासून व्यायाम केला तर चारातल्या तिघांना निदान वर्षभर तरी ते लागत नाही. चौथ्याचंही नुकसान नाही. त्याची मांडी बळकट होते आणि ऑपरेशननंतर तो लवकर उभा राहतो.

मनापासून म्हणजे काय? मावशीने केलं ते असं. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने दाबून पाच आकडे मोजायचे. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. उंच खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं. प्रत्येकी दहा वेळा, दिवसातून दोनदा. पहिले पंधरा दिवस दुखलं, ते ठरलेलंच. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, हे तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. ती इतकी वर्षं उलट्या हातात धरत होती. कांदा निवडायला खाली बसायच्या ऐवजी स्टूल. वजन चार किलो कमी झालं, आणि प्रत्येक किलोमागे गुडघ्यावरचा भार पावलागणिक चार किलोने उतरतो. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेणं थांबवलं, कारण त्या मूत्रपिंड आणि पोट बिघडवतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचं जेल सुरू केलं.

> चौकट: डॉक्टरांकडे जाताना
>
> उभं राहून काढलेला एक्स-रे सोबत न्या. विचारा: माझ्या किती खोल्या घासल्या आहेत? हाड सरळ करून किंवा एकच खोली बदलून भागेल का? दुखणं गुडघ्याचंच आहे, कमरेचं नाही ना? एकच गुडघा आधी करता येईल का? सहा महिने थांबले तर काय बिघडेल?
>
> स्वतःला विचारा: रात्री दुखण्याने जाग येते का? दहा मिनिटंही चालवत नाही का? व्यायाम खरंच तीन महिने केला का? ऑपरेशननंतर सहा आठवडे घरी कोण असेल?
>
> ऑपरेशन ठरलं तर आधी: साखर आटोक्यात, दातांचे आजार बरे, तंबाखू आणि मिशेरी बंद.

थांबण्याचीही हद्द असते

"म्हणजे नाहीच करायचं?" असं मावशीने मला मधेच विचारलं. तसं नाही. थांबून थांबून गुडघा सरळ होईनासा झाला, पाय अगदीच वाकला, मांडीचा स्नायू वाळला, तर ऑपरेशन अवघड होतं आणि त्याचं फळही कमी मिळतं. दुखण्यामुळे चालणं बंद झालं की साखर वाढते, वजन वाढतं, तोल जाऊन पडणं होतं. देवळात जाणं, शेजारी जाणं सुटलं की माणूस घरात बसून खचतो. आईला त्रास होतोय हे दिसत असूनही "वय झालं, चालायचंच" म्हणून वर्षानुवर्षं पेनकिलरवर ठेवणारी घरंही मी पाहिली आहेत. तीही चूकच आहे. तीन महिन्यांच्या खऱ्या प्रयत्नानंतरही रात्रीची झोप जात असेल, तर वय पंच्याहत्तर असलं तरी ऑपरेशन करून घ्यावं.

बारा आठवड्यांनी मावशीचा डावा गुडघा बराच निवळला. उजवा नाही. उभं राहून नव्याने काढलेल्या एक्स-रेत उजव्याच्या तिन्ही खोल्या घासलेल्या दिसल्या, रात्रीची कळही थांबली नाही. दुसऱ्या एका सर्जनना दाखवलं. त्यांनी अर्धा तास दिला आणि उजव्याचं संपूर्ण सांधेबदल सुचवलं. डावा राहू दे म्हणाले. तिने होकार दिला, पण आपल्या वेळापत्रकाने: आधी तीन महिन्यांची सरासरी साखर नऊवरून सातच्या घरात, मिशेरी बंद, मोरीशेजारी कमोड, आणि द्राक्षांची काढणी उरकल्यावर तारीख. मिशेरी सोडणं तिला ऑपरेशनपेक्षा जड गेलं.

त्या सर्जनना तिने एकच प्रश्न विचारला. साखरेचा नाही, खर्चाचा नाही. "२०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावर उतरता येईल का?" ते म्हणाले, येईल, कठडा धरून, आणि एक लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. म्हणजे ब्रेक लावायचं काम चांगल्या पायाकडे राहतं.

ऑपरेशनला आता अकरा आठवडे झाले. गेल्या रविवारी गेले तेव्हा ती ओट्याच्या तीन पायऱ्यांवर उभी होती. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात काठी. उजवा पाय खाली, मग डावा. पुन्हा उजवा, मग डावा. तिसऱ्या पायरीवरून अंगणात टेकली आणि वळून पुन्हा वर चढायला लागली.